बुरुजावरचा पायजमा

टपालकाकांना जुन्या वस्तीबद्दल काहीही विचारलं, तरी ते आधी पत्ता विचारत. पत्ता सांगितला, की त्या घराचं दार आत उघडतं की बाहेर, पत्र टाकायची फट किती उंचीवर आहे, घरात कुत्रा आहे का, आणि असला तर तो आधी भुंकतो की आधी चावतो, हे सगळं ते डोळे मिटून सांगत. पण चौकातली विहीर कोणी खोदली, असं विचारलं की काका गप्प. विहिरीला पत्रं येत नाहीत.

छत्तीस वर्षं त्यांनी एकाच वस्तीत टपाल वाटलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, तरी वस्तीत त्यांना टपालकाकाच म्हणत. त्यांची नात मात्र आजोबा म्हणे. नात नऊ वर्षांची होती आणि एका जागी तिचा पाय ठरत नसे, म्हणून तिचं नाव भिंगरी पडलं होतं. ते नाव शाळेच्या हजेरीत नव्हतं एवढंच, बाकी सगळीकडे होतं.

या भिंगरीने एके दिवशी शाळेतून येऊन दप्तर टेकवायच्या आधी सांगितलं, की शुक्रवारी तुम्हाला आमच्या वर्गाला जुनी वस्ती दाखवायची आहे. झालं असं, की वस्तीची सहल ठरली होती आणि माहिती सांगायला संग्रहालयातले एक गृहस्थ येणार होते. ते संग्रहालयाच्याच पायरीवरून घसरले आणि पायाला प्लास्टर घालून बसले. बाईंनी वर्गात विचारलं, की घरी कोणाला वस्तीची माहिती आहे का. भिंगरीचा हात प्रश्न संपायच्या आत वर गेला होता.

"ठीक आहे," काका म्हणाले. "अजून काय सांगून आलीस?"

आजोबांना नात पुरती ठाऊक होती. भिंगरीने मग बुटाच्या नाडीकडे बघत उरलेलं सांगितलं. माझ्या आजोबांनी छत्तीस वर्षांत एकही पत्र चुकीच्या घरी टाकलं नाही, असं ती वर्गात बोलली होती. त्यावर प्राध्यापक उभा राहिला. प्राध्यापक म्हणजे तिच्याच वर्गातला जाड चष्म्याचा एक मुलगा, ज्याला बाईसुद्धा त्याच नावाने हाक मारत. तो म्हणाला, की असं होऊच शकत नाही, माणूस म्हटला की चुकतोच. मग पैज लागली. एकही चूक सापडली, तर भिंगरीची खिडकीजवळची जागा वर्षभर प्राध्यापकाची. नाही सापडली, तर प्राध्यापकाने वर्षभर तिच्या पेन्सिलींना टोक करून द्यायचं.

काका हसले. पैजेची त्यांना काळजी नव्हती. चूक सापडायला आधी व्हायला हवी ना. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात हेच तर सांगितलं होतं, आणि त्या दिवसापासून काका ते वाक्य एखाद्या पदकासारखं छातीवर लावून हिंडत. त्यांना काळजी होती ती विहिरीची.

शुक्रवारपर्यंत त्यांनी वाचनालयातून एक जाडजूड पुस्तक आणून वाचलं. पहिल्या पानावर एक राजा होता, दुसऱ्यावर त्याचा भाऊ, आणि तिसऱ्यावर दोघे एकमेकांशी लढत होते. चौथ्या पानावर काकांना झोप लागली. उठल्यावर त्यांनी पुस्तक परत केलं आणि जे आपल्याला येतं तेच सांगायचं ठरवलं. मुलांना शिकवताना तेवढं केलं तरी पुष्कळ असतं.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता सव्वीस मुलं आणि बाई वस्तीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बाईंच्या हातात पाच स्थळांची यादी होती: विहीर, कमान, जुना छापखाना, पूल आणि शेवटी घड्याळाचा बुरूज. त्या म्हणाल्या, आधी विहीर बघू, ती जवळ आहे.

काकांची अडचण इथेच झाली. पोस्टमनची रोजची वाट ठरलेली असते. डाव्या हाताची घरं करत आत जायचं आणि उजव्या हाताची करत बाहेर यायचं. पत्रंसुद्धा सकाळी त्याच क्रमाने लावलेली असतात. छत्तीस वर्षं असं चालल्यावर पाय डोक्याचं ऐकत नाहीत. काका विहिरीकडे निघाले खरे, पण पाय पहिल्या घराच्या दाराशी जाऊन थांबले. सव्वीस मुलंही थांबली.

दार उघडून एक आजी बाहेर आल्या. एवढा जमाव बघून त्यांनी विचारलं, की तार आली आहे का. तार बंद होऊन कैक वर्षं झाली, असं काकांनी सांगितलं. मग एवढी माणसं कशाला आणलीत, असं म्हणून आजी आत गेल्या. दुसऱ्या दाराशीही तसंच झालं. तिसऱ्या दारातल्या माणसाने तर काही न विचारता सही करायला पेन काढलं.

आता उभे राहिलोच आहोत तर काही तरी सांगावं, म्हणून काकांनी मुलांना दारातली फट दाखवली. ही बघा, खाली घोट्यापाशी. हे दार वस्तीतलं सगळ्यात जुनं, कारण तेव्हा सुताराला वाटायचं की पत्र उंदरासारखं जमिनीलगत आत जातं. पुढच्या घराची फट कमरेशी आहे. म्हणजे तोवर सुताराला कोणीतरी पोस्टमनची कंबर दाखवली असणार. त्यापुढच्या घराची फट पार डोक्यावर, कारण तिथल्या म्हाताऱ्या मालकांना पोस्टमनने हात वर करून नमस्कार केल्यासारखं वाटायला हवं होतं. आणि कोपऱ्यावरच्या घराला फटच नव्हती. तिसऱ्या मजल्यावरून दोरीला टोपली सोडत. एकदा त्या टोपलीत शेजारच्यांचं मांजर बसलं आणि रजिस्टर्ड पत्राबरोबर वर गेलं. वरच्या बाईंनी सही दोघांची दिली.

मुलं रंगली. दर दाराशी ती आधी फट शोधू लागली, वाकून आत बघू लागली, आणि दोन घरांतल्या माणसांनी आतून डोळा लावलेला बघून किंचाळलीही. घरांचं वय फटीवरून कसं ओळखायचं ते त्यांना आपोआप समजलं. विहीर, कमान, छापखाना आणि पूल वाटेत लागले तसे बाईंनीच यादी बघून उरकले. प्राध्यापक मात्र वही उघडून काकांच्या मागे मागे होता. त्याला फटी नको होत्या. तो प्रत्येक दारात हळूच विचारत होता, की तुमच्याकडे कधी दुसऱ्याचं पत्र आलं होतं का. सगळीकडे नाही म्हणत. एका काकूंनी तर टपालकाकांची इतकी स्तुती केली, की प्राध्यापकाला ती उतरवून घ्यावी लागली. भिंगरी जाता जाता त्याला आपल्या बोथट पेन्सिली दाखवत होती.

अकराच्या सुमारास सगळे बुरुजापाशी आले. बुरूज उंच, काळ्या दगडाचा. वर चारही बाजूंना घड्याळाच्या तबकड्या. पायथ्याशी एक सलून. काका सलूनच्या पायरीपाशी थांबले आणि म्हणाले, की आपली वाट इथे संपते.

"आणि वर कोण राहतं?" प्राध्यापकाने विचारलं.

"वर कोण राहणार? वर घड्याळ आहे."

प्राध्यापकाने मान मागे टाकली. चष्मा बोटाने नाकावर धरला.

"मग तो पायजमा कोणाचा वाळतोय?"

सव्वीस माना वर गेल्या. बाईंची गेली. सगळ्यांत शेवटी काकांची गेली. घड्याळाच्या तबकडीखाली एक लहानशी खिडकी होती. खिडकीबाहेर दोरी होती, आणि दोरीवर निळ्या पट्ट्यांचा एक पायजमा वाऱ्यावर पाय झाडत होता.

काकांनी छत्तीस वर्षांत या जागी एकदाही वर बघितलं नव्हतं. पोस्टमन वर कशाला बघेल? तो पत्त्याकडे बघतो, डबक्याकडे बघतो आणि कुत्र्याकडे बघतो. वर बघणारा पोस्टमन दुसऱ्याच दिवशी दवाखान्यात सापडतो.  पायजमा आहे, म्हणजे माणूस आहे. माणूस आहे, म्हणजे त्याला कधीतरी पत्र येणारच.

गलका ऐकून सलूनवाला बाहेर आला. पन्नाशीचा, झुपकेदार मिशांचा, अंगात जाड हिरवा स्वेटर. त्याने काकांना बघून आनंदाने हात जोडले. प्राध्यापकाने तेवढ्यात आपला नेहमीचा प्रश्न विचारून टाकला, पण या वेळी थोडा बदलून. बुरुजाची पत्रं कोणाकडे येतात?

"माझ्याकडे येतात की," सलूनवाला म्हणाला. "वर्षाला दोन. अकरा वर्षं झाली. मावशीची पत्रं."

आणि त्याने कौतुकाने बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आणून उघडला. आत बावीस पाकिटं नीट लावलेली होती. वरच्या पाकिटावर गोल अक्षरात लिहिलं होतं: चिरंजीव बाळ यास, बुरूज, जुनी वस्ती.

बाईंनी हळूच विचारलं, की बाळ म्हणजे तुम्ही का. सलूनवाल्याने सांगितलं, की माझी आई मला बाळच म्हणायची. कोणाची आई म्हणत नाही? तेव्हा आईकडची कोणी लांबची मावशी असेल असं समजून त्याने पहिलं पत्र उघडलं. इतकं मायेने लिहिलं होतं, की उत्तर न देणं बरं दिसलं नसतं. मग तो दर पत्राला उत्तर देऊ लागला. स्वतःचं लग्न कळवलं, जुळी झाली तेही कळवलं. मावशीने आशीर्वाद पाठवले, छातीचं माप मागवून हा स्वेटर विणून पाठवला, आणि लग्नानंतर तुझं अक्षर फार सुधारलं असं कौतुकही केलं.

"तुम्हाला कधी शंका नाही आली?" बाईंनी विचारलं.

थोडी आली, असं तो म्हणाला. मावशी दर पत्रात विचारायची, की घड्याळाला वेळेवर किल्ली देतोस ना. म्हणून त्याने दुकानातल्या भिंतीवरच्या घड्याळाला रोज किल्ली द्यायला सुरुवात केली. ती लिहायची, इतक्या उंचावर राहतोस, जपून राहा. दुकानाला तीन पायऱ्या होत्या, त्यांवरून तो जपून उतरू लागला. आणि ती दर वेळी लिहायची, की केस वेळेवर कापत जा. हे मात्र त्याला जरा लागायचं.

 काकांना सगळं लख्ख आठवलं होतं. अकरा वर्षांपूर्वी पहिलं पाकीट आलं, तेव्हा त्यांनी क्षणभरही विचार न करता ते सलूनमध्ये दिलं होतं, कारण बुरुजाशी दार म्हणावं असं त्यांच्या वाटेवर एकच होतं. इतकंच नाही. निवृत्त होताना त्यांनी नव्या पोस्टमनला आपली वही दिली होती. वस्तीतलं घरन् घर तिच्यात लिहिलेलं. त्यात एक ओळ होती: बुरूज म्हणजे सलून. म्हणजे चूक त्यांनी नुसती केली नव्हती, सुवाच्य अक्षरात वारसाला देऊन ठेवली होती.

मुलांपैकी पुष्कळांना अजून नीट उमगलं नव्हतं. बाई शहाण्या होत्या. त्यांनी घड्याळात बघून उशीर झाल्याचं सांगितलं आणि मुलांना रांग करायला लावली. काकांनी फक्त मान हलवायची होती. भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. तिची नाडी सुटलेली होती आणि आज ती एका जागी उभी होती, हेच काकांना बघवेना.

"थांबा बाई," ते म्हणाले. "ही पत्रं माझ्या हातून चुकली, आणि माझ्या वहीमुळे नव्या पोस्टमनच्या हातूनही. पत्र ज्याचं त्याच्या हातात पडेपर्यंत वाट संपत नाही."

त्यांनी डबा काखेत मारला आणि दार कुठे आहे ते विचारलं. दार मागच्या बोळात होतं. त्या बोळात दुसरं एकही घर नव्हतं, म्हणून तो कोणत्याच पोस्टमनच्या वाटेवर नव्हता. दारावर ना फट, ना पाटी. आत गोल जिना वर चढत गेला होता.

काकांचे गुडघे विसाव्या पायरीला कुरकुरले आणि चाळिसाव्या पायरीला उघड बोलू लागले. मागे सव्वीस मुलं मोठ्याने पायऱ्या मोजत होती, आणि त्यांच्या मागे स्वेटर घातलेला सलूनवाला, कारण आपल्या मावशीचं काय होतंय हे त्यालाही बघायचं होतं. साठाव्या पायरीवर मोजणीत दोन तट पडले, म्हणून प्राध्यापकाने सगळ्यांना खाली नेऊन पुन्हा मोजायचं सुचवलं. काकांनी त्याच्याकडे ज्या नजरेने बघितलं, ती त्यांनी आजवर फक्त कुत्र्यांसाठी राखून ठेवली होती. पायऱ्या चौऱ्याण्णव निघाल्या.

वरच्या खोलीत दाराएवढाल्या चाकांच्या मधोमध एक काटकुळा माणूस तेलाची बाटली घेऊन उभा होता. केस खांद्यापर्यंत. हाच किल्लीवाला, बुरुजाच्या घड्याळाला किल्ली देणारा. पाहुण्यांची सवय नसावी, कारण त्याने आधी घाईघाईने खिडकीतला पायजमा आत ओढला.

काकांना दम लागला होता. त्यांनी डबा पुढे केला आणि एवढंच म्हणाले, "टपाल."

किल्लीवाल्याने वरचं पाकीट उचललं. अक्षर बघताच तो चाकाजवळच्या कट्ट्यावर बसला. अकरा वर्षांपूर्वी ही नोकरी धरली, तेव्हा मावशी त्याच्यावर रागावली होती. इतक्या उंच जाऊन बसलास, तर पत्र द्यायला कोण चढणार, असं तिचं म्हणणं. तिला ऐकू कमी यायचं, म्हणून फोनचा उपयोग नव्हता. त्याने इथे आल्यावर एक पत्र टाकलं, आणि उत्तर आलं नाही म्हणून तोही रुसला. मावशी तिकडे उत्तरं पाठवतच होती.

"मला वाटलं, तिने मला टाकलंच," तो म्हणाला. मग पाकीट उघडून वाचू लागला आणि थोड्या वेळाने चमकून वर बघितलं. "मला जुळी कधी झाली?"

सलूनवाल्याने घसा साफ करून सगळं सांगितलं. सांगता सांगता त्याने स्वेटर काढून प्रामाणिकपणे पुढे केला. किल्लीवाल्याने तो घातला. त्यात अजून एक किल्लीवाला बसला असता. मुलं इतकी हसली, की एक जण तेलाच्या डब्यात बसला.

तेवढ्यात किल्लीवाला ओरडला, की कानांत बोटं घाला. बाराचे टोले सुरू झाले. सव्वीस मुलं, बाई, सलूनवाला आणि काका कान दाबून, डोळे गच्च मिटून बारा टोले उभे राहिले. टोले थांबल्यावर बाईंनी आपल्या मनगटाकडे बघितलं. बाराला अजून पाच मिनिटं होती. किल्लीवाल्याने सांगितलं, की हे घड्याळ पहिल्यापासून पाच मिनिटं पुढे ठेवतात, म्हणजे पोरं शाळेत वेळेवर पोचतात. बाई म्हणाल्या, की ही माहिती आपण वहीत लिहायची नाही. सव्वीस जणांनी लगेच लिहून घेतली.

चौऱ्याण्णव पायऱ्या उतरून आल्यावर खाली प्राध्यापकाने हिशेब मांडला. अकरा वर्षांची बावीस पत्रं. त्यातली चौदा काकांनी चुकवली, आठ नव्या पोस्टमनने.

"आणि ती आठ काकांच्या वहीमुळे," तो म्हणाला. "बावीस चुका."

"एकच पत्ता चुकला," भिंगरी म्हणाली. "तो बावीस वेळा."

"पण चुकला."

"चुकला," भिंगरीने मान्य केलं, आणि आजोबांचा हात धरला. काकांनी बोलायला तोंड उघडलं, पण तीच म्हणाली, "राहू दे आजोबा. खिडकीतून ऊनही फार येतं."

सोमवारी प्राध्यापक खिडकीजवळ बसला. तिथून बुरूज दिसतो, हे त्याला बसल्यावर कळलं. पण पायजमा आहे की नाही हे त्याच्या चष्म्यातून दिसेना, आणि तासातून चार वेळा भिंगरीला विचारायला मागे वळण्याचा त्याला बुधवारपर्यंत कंटाळा आला. गुरुवारी त्याने बाकावर थोडं सरकून तिला जागा दिली.

इकडे किल्लीवाल्याने मावशीला पत्र लिहिलं. सलूनवाल्याने त्यात खाली चार ओळी घातल्या, नाहीतर जुळी कुठे गेली म्हणून म्हातारीने हाय खाल्ली असती. पंधरा दिवसांनी एक पार्सल आलं. नवा पोस्टमन ते घेऊन काकांच्या घरीच आला आणि म्हणाला, काका, तुमच्या मानाचं आहे, तुम्हीच द्या. त्याला चौऱ्याण्णव पायऱ्या कळल्या होत्या.

पार्सलवर लिहिलं होतं: चिरंजीव बाळ (वरचा) आणि चिरंजीव बाळ (खालचा), बुरूज. आत एक अरुंद स्वेटर होता, जुळ्यांच्या दोन टोप्या होत्या, दोघांचेही कान उपटणारी दोन पत्रं होती, आणि लोकरीच्या जाड नळ्यांसारखी एक जोडी. तिला चिठ्ठी टाचलेली होती. वर चढून आलेल्या पोस्टमनच्या गुडघ्यांसाठी.

काकांनी ती त्याच दिवशी घातली, पँटच्या वरून, म्हणजे वस्तीला दिसावी. मग नव्या पोस्टमनकडून आपली जुनी वही मागून घेतली, बुरुजाची ओळ सरळ रेघ मारून खोडली, आणि भिंगरीला शेजारी बसवून सुवाच्य अक्षरात नवी लिहिली:

बुरूज: सलून नव्हे. मागच्या बोळातून वर. पायऱ्या चौऱ्याण्णव. पायजमा दिसला तर माणूस घरात आहे.